रानात नेण्याजोगे रिव्हॉल्व्हर

रानात जायला माणसाला दोन पाय पुरतात, असा एक मागासलेला समज अजूनही जगात बऱ्याच ठिकाणी आढळतो. अमेरिकेतल्या मॉन्टाना राज्याच्या वायव्य कोपऱ्यातल्या लार्च बेंड या गावाने तो केव्हाच मोडीत काढला आहे. तिथे रानात जाण्याची पहिली पायरी म्हणजे रिव्हॉल्व्हर निवडणे. ही पायरी इतक्या काळजीने चढली जाते की बहुतेकांचे आयुष्य तिच्यावरच निघून जाते. याचा परिणाम म्हणून गावातल्या पुरुषांना अस्वलापासून झालेली इजा आजतागायत शून्य आहे, हे सांगायला आनंद वाटतो. (बायकांना झालेली इजाही शून्यच आहे. पण त्या रिव्हॉल्व्हर न निवडताच रानात जातात, त्यामुळे त्यांची आकडेवारी शास्त्रीय धरता येत नाही.)

निवडीचे काम लायल ट्वेट यांच्या दुकानात चालते. या दुकानात बंदुका, मासेमारीचे गळ, जिवंत गांडुळे आणि गॅसच्या टाक्या मिळतात. काचेच्या कपाटासमोर चार स्टुले आहेत आणि कोपऱ्यात कॉफीचे एक भांडे आहे. कॉफी फुकट असते आणि चवीलाही तशीच लागते. या स्टुलांवर जी मंडळी बसतात त्यांना गावात समिती म्हणतात. समितीची नेमणूक कोणी केली हे कोणाला आठवत नाही, त्यामुळे ती बरखास्तही करता येत नाही. अध्यक्ष मर्ल हौगन यांनी उभी हयात रस्त्यावरचा बर्फ ढकलणारे यंत्र चालवले. अस्वलांवर त्यांचा शब्द अखेरचा मानला जातो, कारण त्यांनी अस्वल तीनदा पाहिले आहे. तिन्ही वेळा यंत्राच्या काचेतून. त्यांतले एक पुढे काळे वासरू निघाले, पण मर्ल यांचा पहिला अंदाज अस्वलाचा होता हे विसरून चालणार नाही.

अशा या व्यवस्थेच्या हाती डेल्मर क्विस्ट यंदाच्या वसंतात आपण होऊन सापडला.

डेल्मर प्लायवूडच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, उंच, सरळ, थोडा हळूबाई स्वभावाचा माणूस. त्याची बायको आर्डिस त्या डोंगराळ मुलखातली नावाजलेली हकलबेरीवाली. हकलबेरी ही जांभळट, आंबटगोड, बोराएवढीही नसलेली बेरी लावून येत नाही. ती डोंगरावर, तिला वाटेल तिथे येते, आणि तिथे जाऊन वेचावी लागते. कुठे येते ते ज्याला ठाऊक आहे तो सांगत नाही. लार्च बेंडमध्ये माणूस आपला पगार सांगेल, मूळव्याध सांगेल, भावजयीशी का बोलत नाही तेही सांगेल, पण बेऱ्यांची जागा सांगणार नाही. पाद्री मरणाऱ्याच्या उशाशी बसले की पापांची कबुली ऐकून घेतात आणि मग जरा घुटमळतात, ते याच आशेने. ही जागा तोंडाने सांगायची नसते, नकाशावर दाखवायची नसते. आपले पाय थकले की घरातल्या एका माणसाला, एकालाच, बरोबर चालत नेऊन दाखवायची. आर्डिसला तिच्या आईने दाखवली होती.

डेल्मरने लग्न झाल्यापासून दर ऑगस्टात आर्डिसला जंगलखात्याच्या रस्त्यावर एका फाट्यापर्यंत ट्रकने सोडले होते. तिथे ती बादली घेऊन उतरायची आणि उभी राहायची. तो ट्रक वळवायचा आणि आरशात न बघता परत यायचा. ट्रकचा आवाज विरेपर्यंत ती जागची हलायची नाही. ती फाट्यावरून वर जाते की खाली, हेही त्याला माहीत नव्हते. इतक्या वर्षांत त्याने एकदाही विचारले नव्हते. त्याला मात्र ते जाणून घ्यायचे होते, आणि किती, ते फक्त त्यालाच ठाऊक होते.

यंदा एप्रिलमध्ये कॅलिस्पेलच्या डॉक्टरांनी आर्डिसच्या उजव्या गुडघ्याचा फोटो पाहिला आणि सप्टेंबरात तो बदलून टाकायचे ठरवले. त्यानंतर सपाटीवर चालता येईल, दुकानात जाता येईल, चर्चला जाता येईल. डोंगर मात्र बंद.

त्या संध्याकाळी बटाटे वाढता वाढता ती म्हणाली, "यंदा तू चल माझ्याबरोबर."

"फाट्यापर्यंत? येतोच की."

"फाट्याच्या पुढे."

डेल्मरने काटा खाली ठेवला. "अगं, पण एकालाच दाखवायची ना?"

"मग? तू किती जण आहेस?"

डेल्मरने उगाचच मीठ मागितले. आर्डिसने मीठ दिले. "बादली तू धरायची," ती म्हणाली. "उतारावर बादली आणि गुडघा, दोन्ही नाही सांभाळता यायचं मला."

इथपर्यंत प्रकरण अगदी साधे होते. पण डेल्मर जबाबदार माणूस होता. गेल्या ऑगस्टात आर्डिस बेऱ्या वेचत असताना झुडपाच्या पलीकडून एक अस्वलही बेऱ्या खात होते. ती त्याला म्हणाली, "चालू दे तुझं," आणि बादली उचलून खाली आली. हे तिने घरी, गॅसवरच्या दुधावर लक्ष ठेवत, दोन वाक्यांत सांगितले होते. डेल्मरने मात्र त्या दोन वाक्यांवर अख्खा हिवाळा काढला होता. तेव्हा तो म्हणाला, "येतो. पण रिकाम्या कमरेनं नाही यायचो."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो लायलच्या दुकानात गेला आणि त्याने समितीपुढे आपली गरज मांडली: रानात कमरेला लावता येईल असे, परवडेल असे, वापरलेले रिव्हॉल्व्हर.

लायल यांच्या दुकानात रिव्हॉल्व्हर विकत घ्यायला कपातली कॉफी कोमट व्हायला लागतो तेवढाच वेळ लागतो. निवडायला लागणाऱ्या वेळेचे मोजमाप अजून झालेले नाही. (डेल्मरने शेवटी कोणत्या कंपनीचे घेतले, नळी किती इंचांची होती आणि ते काय भावाला पडले, हे शेवटी सांगितले जाईल. वाचकांनी धीर धरावा.)

पहिला प्रश्न गोळीच्या जातीचा; या जाती आकड्यांनी ओळखतात, पण आकडा मोठा म्हणजे गोळी मोठी असे नसते. अडतीसची गोळी अस्वलाला लागली तर त्याला फक्त आपला अपमान झाल्यासारखे वाटते, असे मर्ल यांचे मत पडले. तीनशे सत्तावन्नची गोळी काळ्या अस्वलाला पुरते, ग्रिझली या थोराड अस्वलाला पुरत नाही. ग्रिझलीला चव्वेचाळीसची लागते. पण चव्वेचाळीसचे धूड कमरेला लावले की पॅन्ट खाली येते. पॅन्ट खाली येऊ नये म्हणून रुंद पट्टा, पट्टा टोचू नये म्हणून खांद्यांवरून पॅन्ट तोलून धरणारे गॅलिस. आणि गॅलिस घातलेला माणूस रानात कसा दिसतो यावर समितीत दोन सकाळी गेल्या. मधल्या काळात अस्वलाच्या मताचाही विचार झाला नाही असे नाही. मर्ल यांच्या हिशेबाने त्या जिल्ह्यात जेवढी अस्वले आहेत त्याच्या निदान चौपट रिव्हॉल्व्हरे आहेत. म्हणजे दर अस्वलामागे चार. याची अस्वलांना कल्पना असती तर त्यांनी एव्हाना कॅनडात बिऱ्हाड हलवले असते.

दुसरा प्रश्न नळीचा. लांब नळीने नेम चांगला लागतो, पण ट्रकमध्ये बसताना ती मांडीत रुतते. आखूड नळी मांडीत रुतत नाही, पण मग नेम. ट्रकमध्ये बसायचेच नसेल तर, असा मुद्दा डेल्मरने भीत भीत काढला. समितीने तो विचारात घेण्याजोगा मानला नाही.

तिसरा प्रश्न 'वापरलेले' या शब्दाचा, आणि लार्च बेंडचे शहाणपण खरे दिसते ते इथेच. वापरलेले रिव्हॉल्व्हर चांगले कसे ओळखावे? गोळ्या बसतात ते चक्र डुगडुगते का ते बघावे, नळीत उजेड धरून आत डोकवावे, रिकामे असल्याची दोनदा खात्री करून घोडा सावकाश ओढून कान द्यावा. हे सगळे झाल्यावर मुख्य खूण बघावी. ज्याच्या नळीच्या टोकाचा रंग उडाला आहे, मुठीवर ओरखडे आहेत, त्याचा मालक ते घेऊन खरोखरच रानात हिंडलेला असतो. असला माल कमी किमतीत पडून राहतो. जे लखलखीत आहे त्याचा मालक शेवटपर्यंत घरी बसलेला असतो आणि त्याच्या मालाला भाव येतो. लायल यांच्या कपाटातल्या सर्वोत्तम वस्तूंना त्यांच्याच अक्षरात एक चिठ्ठी लटकवलेली असते: 'रानासाठी घेतले. रानात नेले नाही. नव्यासारखे.' गावातले अनुभवी लोक यापलीकडची कसलीही हमी मागत नाहीत.

मे गेला, जून गेला. डेल्मर शिकत होता. संध्याकाळी आर्डिस टीव्ही बघत असताना तो लायलकडून 'हाताला सवय व्हावी म्हणून' आणलेले एखादे रिकामे रिव्हॉल्व्हर घेऊन बसे आणि चक्र फिरवी. टकटक, टकटक. आर्डिस टीव्हीचा आवाज वाढवी.

"अरे बाबा, हे काय चाललंय?"

"चक्र बघतोय. जरासं ढिलं वाटतंय."

"माझा गुडघा बघितलास तर तोही ढिलाच वाटेल," आर्डिस म्हणाली. "ऑगस्टापर्यंत चालेल तेवढा आहे. तुझं जमव लवकर."

जुलैत डेल्मरचे मन एका रिव्हॉल्व्हरवर बसले. हात पुढे झालाच होता, तोच मर्ल यांनी त्याचे मनगट धरले. "घाई करू नकोस, लेका. ओरिनचं येणार आहे."

ओरिन हा दिवंगत सभासद. त्याने रानासाठी म्हणून एक रिव्हॉल्व्हर घेतले होते. सर्वांच्या मते ते खोऱ्यातले सर्वात निर्दोष रिव्हॉल्व्हर. पुढे ओरिन आपल्या आरामखुर्चीत, बेसबॉलचा सामना बघता बघता गेला. (त्या वेळी रिव्हॉल्व्हर कपाटात होते. त्याचा काही उपयोग झाला असता की नाही, यावर समितीत दुमत आहे.) त्याची विधवा ते विकणार हे नक्की होते, फक्त कधी ते ठरत नव्हते. दुःखात असलेल्या बाईला घाई करणे बरे दिसत नाही, म्हणून डेल्मर थांबला. ओरिनची बायको खरे तर त्या वेळी बहिणीबरोबर बोटीतून अलास्का बघत होती, आणि तिथून तिने समितीला अस्वलाचे चित्र असलेले कार्डही पाठवले होते.

ऑगस्ट लागला. खालच्या उतारांवर बेऱ्या पिकल्या.

"या रविवारी?" आर्डिसने विचारले.

"ओरिनचं आलं की लगेच."

पुढच्या रविवारी ओरिनचे रिव्हॉल्व्हर आले. डेल्मरने ते घेतले. समितीने उभे राहून कप उंचावले आणि गावात क्वचितच दिसणारी एकवाक्यता दिसली. पण मग होल्स्टरचा, म्हणजे रिव्हॉल्व्हरच्या चामडी म्यानाचा, प्रश्न निघाला. कमरेला लावले तर पाठीवरच्या पिशवीचा पट्टा त्यावर येतो, छातीवर बांधले तर बादली आडवी येते. असे होल्स्टर मापाने शिवून घ्यावे लागते, आणि ते शिवणारा उत्तम कारागीर पलीकडच्या खोऱ्यात राहतो. तो उत्तम आहे हे कशावरून? त्याच्याकडे नंबर लवकर लागत नाही यावरून.

त्या रात्री जेवताना आर्डिस म्हणाली, "वरच्या अंगाला आता पिकल्यात. तिथं आठ-दहा दिवसांत पाला झडायला लागेल. बेऱ्या काही तुझ्या समितीसाठी थांबत नाहीत, डेल्मर."

"होल्स्टर येऊ दे फक्त. अगं, तुझ्यासाठीच तर चाललंय हे सगळं. तिथं वर काही झालं तर?"

"वर आजवर काय झालंय?"

"तेच म्हणतो मी. अजून झालं नाहीये."

आर्डिसने ताट उचलले. सिंकशी पाठमोरी उभी राहून ती म्हणाली, "मला रिव्हॉल्व्हर नको होतं रे. मला बादली धरायला तू हवा होतास." तिचा आवाज चढलेला नव्हता. डेल्मरला तो चढला असता तर बरे वाटले असते. त्याने मनाशी ठरवले की उद्या सकाळी उठायचे आणि आहे तसे, खिशात हात घालून तिच्याबरोबर निघायचे. सकाळी तो उठलाही. पण आधी दुकानात डोकावला, तेव्हा विकत घेतलेले रिव्हॉल्व्हर घरी ठेवून रिकाम्या कमरेने जाणे हे रिव्हॉल्व्हर नसताना जाण्यापेक्षाही वाईट, असे मर्ल यांनी त्याला समजावले, आणि त्यात तथ्य असावे असे त्याला वाटले.

इथे शेजारच्या डॅनिका फेल्प्सचा उल्लेख करणे भाग आहे. लार्च बेंडमध्ये धोक्यांची क्रमवारी अशी लावतात: वणवा, ग्रिझली, कॅलिफोर्नियाचा माणूस. पहिल्या दोहोंना निदान हंगाम असतो. डॅनिका कॅलिफोर्नियातून येऊन डेल्मरच्या शेजारचे घर घेऊन राहिली होती. बाई वाईट नव्हती, पण बोलायची. सकाळी कुंपणापाशी सुरू झालेले वाक्य ती दुपारी टपालपेटीपाशी पुरे करायची. ती रोज रानात हिंडायची. कमरेला तिखटाच्या फवाऱ्याचा एक डबा, तोंडाने अखंड बडबड. तिला अस्वल कधीच दिसले नव्हते. समितीच्या मते हा निव्वळ योगायोग होता. तिचा आवाज ऐकून अस्वले आधीच वाट सोडत असतील, ही शक्यता कोणी तपासली नाही.

होल्स्टर एका शुक्रवारी दुपारी आले. तांबूस, जाड, कोऱ्या चामड्याचे, छातीवर तिरपे बसणारे. डेल्मरने ते दुकानातच चढवले. समितीने त्याला पुढून, मागून, खाली वाकवून, हात वर करायला लावून बघितले. मर्ल म्हणाले, "गड्या, आता तू रानात जाऊ शकतोस." आजवर हे वाक्य त्या दुकानात कोणालाही ऐकायला मिळाले नव्हते. डेल्मरचे डोळे पाणावले.

तो घरी आला तो तसाच, छाती पुढे काढून, स्वयंपाकघराच्या दारात. "आर्डिस, चल. उद्या पहाटे."

आर्डिस टेबलाशी बसली होती. पाय स्टुलावर, गुडघ्यावर बर्फाची पिशवी. तिचे हात मनगटापर्यंत जांभळे होते. सिंकशी डॅनिका उभी राहून बेऱ्या धूत होती, तिचेही हात तसेच. आणि डॅनिका गप्प होती. ती गप्प असल्याचे डेल्मरने आजपर्यंत कधी पाहिले नव्हते.

त्याला आधी वाटले, कुणी गेले की काय. मग त्याला कळले.

"हिला?" तो म्हणाला.

"तिनं विचारलं, बादली धरू का," आर्डिस म्हणाली. "बाकी काही नाही विचारलं."

"अगं, पण ही कॅलिफोर्नियाची आहे."

"चालते बरी."

डेल्मर हळूच म्हणाला, "मलाही दाखव ना."

आर्डिसने त्याच्याकडे पाहिले. तिलाही रडू येत होते असे त्याला वाटले. पण तिने आईला शब्द दिलेला होता, आणि बेऱ्यांच्या बाबतीत त्या मुलखात कोणी कोणाला सवलत देत नाही. नवऱ्याला तर नाहीच. "एकाला दाखवायची असते," ती म्हणाली.

"दिल्या शब्दाप्रमाणे मी कुणालाही सांगणार नाही," डॅनिकाने खालच्या आवाजात सांगितले. आश्चर्य म्हणजे आजतागायत तिने सांगितलेले नाही. बाकी सगळे सांगते.

रविवारी हंगामातली शेवटची फेरी होती. डेल्मरनेच दोघींना ट्रकने नेले. होल्स्टर त्याने काढले नव्हते. काढायचे तर कशासाठी, आणि ठेवायचे तर कशासाठी, यातले काहीच त्याला ठरवता येत नव्हते. फाट्यावर दोघी उतरल्या. डॅनिकाने बादली घेतली आणि दोघी रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या, तो जायची वाट बघत.

"सांभाळून," तो म्हणाला.

"तूही," आर्डिस म्हणाली. "उतारावर ब्रेक बघून लाव."

त्याने ट्रक वळवला. आरशात बघितले नाही. काच खाली करून मात्र ठेवली. बरेच अंतर गेल्यावर मागे डॅनिकाचा आवाज सुरू झाल्याचे त्याला ऐकू आले. तो आवाज वर जात होता की खाली, ते त्याला शेवटपर्यंत नीट कळले नाही. पुढच्या वळणावर त्याने ट्रक बाजूला घेतला आणि थोडा वेळ स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसला. होल्स्टरचे कोरे चामडे करकरत होते.

सोमवारी त्याने रिव्हॉल्व्हर लायल यांना परत नेऊन दिले. लायल यांनी ते उजेडात धरले, चक्र फिरवले, नळीत डोकावले आणि चिठ्ठी लिहायला घेतली. ते प्रामाणिक दुकानदार आहेत. त्यांनी लिहिले: 'रानासाठी घेतले. फाट्यापर्यंत नेले.' मर्ल यांनी ती वाचून मान हलवली. फाट्याचा उल्लेख आला की भाव पडतो, असे त्यांनी निदर्शनास आणले. तेव्हा लायल यांनी चिठ्ठी फाडली, नेहमीची लावली, आणि ते कपाटात पहिल्या रांगेत ठेवले. त्याच आठवड्यात पोल्सनकडचा एक निवृत्त शिक्षक ते बघायला आला. त्याची बायको बाहेर गाडीत, डोंगरात चालायचे बूट घालून, बसून होती. मर्ल यांनी त्याच्यासाठी स्टूल पुढे सरकवले.

आता कंपनीचे नाव, नळीचे इंच आणि किंमत. ते शेवटी सांगायचे कबूल केले होते आणि आपण त्यासाठीच इथवर धीराने थांबलात, याची जाणीव आहे. ही माहिती लायल यांच्या दुकानात कोणत्याही सकाळी मिळेल. डेल्मरचे स्टूल सध्या रिकामे असते, ते आपल्यासाठी राखून ठेवायला सांगितले आहे. कॉफी फुकट आहे. तिथे नळीच्या लांबीवर आपले मतही आवर्जून ऐकून घेतील. सप्टेंबरात आर्डिसच्या गुडघ्याचे काय झाले, हे तिथे अजून कोणी विचारलेले नाही. आपणही विचारले नाहीत, तेव्हा आपले तिथे छान जमेल.